रबरात आवळलेला उजेड

टिच्! एवढाच आवाज झाला आणि झोपलेल्या भोपळ्याने कूस बदलली. भोपळ्या म्हणजे या घरातलं रांगतं बाळ. त्याच्या आईने लेकीच्या केसांचं रबर माझ्याभोवती आवळलं, त्याचा तो आवाज.

मित्रांनो, मी काही जुनी दोरी नाही. मी फायबरची केबल आहे. जिन्यातल्या पेटीतून निघून या खोलीतल्या इंटरनेटच्या लुकलुकत्या डब्यापर्यंत येते. माझ्या पोटात केसाएवढी बारीक काच आहे आणि तिच्यातून उजेड धावतो. त्या उजेडावर बसूनच दूर नोकरीला असलेले बाबा रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर घरी येतात.

मला बसवलं तेव्हा कोपऱ्यात ऐसपैस वळण होतं. पण भोपळ्या मला तोंडात घालू लागला, म्हणून आईने माझी इवलीशी गुंडाळी केली. काळजीपोटीच केली, पण फार घट्ट वळवलं की माझ्यातला उजेड वळणावरच सांडतो. इतक्या लांबून धावत यायचं आणि घरात पोचल्यावर सांडायचं! चीड येणार नाही तर काय?

रोज तेच. बाबा "भिंगरे, ऐक ना" म्हणायचे आणि उघड्या तोंडाने थिजायचे. भिंगरी, म्हणजे त्यांची लेक, फुरंगटून बसायची. आई डबा बंद करून चालू करी, त्याच्या पाठीत चापट मारी, कंपनीला फोन लावून तेच ते संगीत ऐकत बसे. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहीना.

काल फोन चालू असतानाच भिंगरीने जाहीर केलं, "मी नाही बोलणार. बाबा नुसते पुतळ्यासारखे बसतात."

आईने समजूत घातली, निदान वेणी तरी घालू म्हणाली. रबर सापडेना. भिंगरीने माझ्यावरचंच ओढून काढलं. मी सैल झाले, पसरले. आणि पडद्यावरचे बाबा हलले, हसले.

"भिंगरे, पडलेला दात दाखव ना. किती दिवस मागतोय."

"कधी मागितलात?"

"रोज मागतो गं."

आईने रबराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या लक्षात आलं. मित्रांनो, मला हवं तर उंच खिळ्यावर टांगा, पण ताटाएवढं वळण द्या. एवढंच मागणं आहे.

फोन संपल्यावर आईने लेकीला जवळ घेऊन सांगितलं, की आपण आवळल्यामुळे बाबांचं बोलणं इथेच सांडत होतं.

भिंगरी कोपऱ्यात वाकली. माझ्याखालच्या फरशीवरून तिने हात फिरवला.

"आई, मग सांडलेलं सगळं कुठे गेलं?"