हात दिसला पाहिजे

"हात वर कर," देवीदास म्हणाला, आणि टिकारामने जुनी सवय असल्यासारखा उजवा हात वर केला.

समोरच्या पडद्यावर त्याचा हात आला खरा, पण दुसऱ्याच क्षणी मॉनिटरमधल्या कॅमेऱ्याने आपणहून टिकारामच्या तोंडाकडे धाव घेतली. पडदाभर तोंड झालं. पांढऱ्या मिशा, तंबाखूने काळे पडलेले दात, कपाळावरचा भाजल्याचा डाग. हात कुठच्या कुठे गेला.

"देखा अंकल?" दुकानातला कमलेश खुशीत म्हणाला. "चेहरा जिधर, कॅमेरा उधर. आपको कुछ करना ही नहीं है."

टिकाराम आपल्या छत्तीसगढीत पुटपुटला, की माझं तोंड एवढं मोठं तर माझ्या लग्नातही कोणी पाहिलं नव्हतं. कमलेश हसला. देवीदास हसला नाही.

"मुँह नहीं चाहिए, भाई," तो म्हणाला. "हाथ दिखना चाहिए."

हुडको वसाहतीच्या बाजारात सकाळपासून हे तिसरं दुकान होतं. पहिल्या दोन दुकानांत त्यांना कोणी धड बसूही दिलं नव्हतं. इथे निदान खुर्च्या मिळाल्या. मॉनिटर बघायला आलेल्या या दोन म्हाताऱ्यांना नेमकं काय हवंय ते कमलेशच्या ध्यानात येईना. त्याने मागचं चित्र धूसर करून दाखवलं, बोलण्यातून कुकरची शिट्टी कशी गाळली जाते ते सांगितलं, कॅमेरा आत ढकलून बंद कसा करायचा तेही दाखवलं. देवीदास प्रत्येक गोष्टीला मान डोलवायचा आणि पुन्हा हातावर यायचा.

कारण त्याचा सगळा जन्म हातावर गेला होता. पोलादाच्या प्लांटमधल्या मेल्टिंग शॉपमध्ये तो वर क्रेनच्या केबिनमध्ये बसायचा आणि खाली सिग्नलमन म्हणून टिकाराम उभा असायचा. भट्टीच्या आवाजात माणसाच्या आवाजाला किंमत नव्हती. टिकारामचं बोट आभाळाकडे गोल फिरलं की वजन उचलायचं, जमिनीकडे फिरलं की उतरवायचं, पंजा आडवा झाला की थांबायचं. उकळत्या पोलादाची भली मोठी बादली त्या बोटाच्या टोकावर चालायची. कामावरून घरी आल्यावरही देवीदासच्या कानात भट्टी घोंघावत असे, म्हणून जेवताना तो बोलत नसे. भात वाढ, पुरे, थांब, पातेलं उतरव, सगळं बोटांवर. त्याची बायको सत्यशीला सुरुवातीला चिडायची, "मी काय तुमची सिग्नलमन हाय का?" म्हणायची. पुढे तीही ताटापलीकडून बोटांनीच उत्तर देऊ लागली.

गेल्या पावसाळ्यात तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, आणि वाचाही गेली. डॉक्टरांनी चित्रांची पाटी दिली, पाण्याचा पेला, बिछाना, गोळी. तिने ती डाव्या हाताने बाजूला सारली. मग एका दुपारी देवीदास तिला खुर्चीतून पलंगावर घेत असताना त्याच डाव्या हाताचा पंजा आडवा झाला. थांब. देवीदास थांबला. पाय खुर्चीत अडकला होता. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

पण हे पुण्याच्या प्रेमानंदला कसं पटवायचं? तो, त्यांचा एकुलता एक मुलगा, दवाखान्याच्या दिवसांत येऊन गेला तेव्हा तिचा कोणताच हात हलत नव्हता. त्यानंतर त्याने तिला पाहिलं ते फोनवर, आणि फोनवर नुसतं तोंड दिसायचं. वाकडे ओठ, ओघळणारी लाळ. तो दोनदा आई म्हणायचा आणि नजर वळवायचा. पुण्यात त्याच्या घराजवळ नर्सची सोय होती. गाडी घेऊन येतो, दोघांना रिसालीहून घेऊन जातो, असं त्याने चालवलं होतं.

"आईले रिसाली काय अन् पुणं काय," तो एकदा म्हणाला. "तिले समजते का काही? खरं सांगा, बाबा."

"सगळं समजते."

"तुम्हाले वाटते तसं."

"मंग तिलेच विचार. तिनं म्हटलं तर मी चलतो. नाई म्हटलं तर पुन्हा पुण्याचं नाव काढाचं नाई."

असं ठरलं. रविवारी तो आईशी निवांत बोलणार होता. घरात त्याचा जुना लॅपटॉप होता, पण त्याचा कॅमेरा मेला होता आणि पडदा वहीएवढा. म्हणून मॉनिटर घ्यायचा, ज्याच्या पोटातच कॅमेरा, माईक, स्पीकर सगळं असेल. जास्तीच्या वायरी देवीदासला झेपायच्या नाहीत. ती काय सांगणार याची त्याला चिंता नव्हती. रिसालीचं हे घर तिने स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. रोज सकाळी त्याने खुर्ची दाराशी नेली की ती गल्लीतल्या येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायची. फक्त तो हात पुण्यात दिसला पाहिजे होता.

शेवटी कमलेशने आतून एक बिनझगमगीचा मॉनिटर आणला. हे जुनं मॉडेल आहे, कॅमेरा जागचा हलत नाही, चेहऱ्यामागे जात नाही, असं त्याने आधीच पडेल आवाजात सांगून टाकलं. टिकाराम खुर्ची मागे सरकवून बसला. पडद्यात तो डोक्यापासून मांडीपर्यंत मावला. त्याने बोट वर फिरवलं, खाली फिरवलं, मग पंजा आडवा धरला. देवीदास पडद्यावर डोळे लावून बसला होता आणि त्याची मूठ गुडघ्यावर, क्रेनच्या नसलेल्या दांड्याभोवती, पुढेमागे होत होती.

"यही दे दो," तो म्हणाला.

कमलेशने खोकं बांधेपर्यंत देवीदासला बसल्याजागी झोप लागली. टिकारामने खांदा हलवला तेव्हा तो दचकून उठला.

"सोता कब है रे तू, ऑपरेटर?" टिकारामने विचारलं.

देवीदासने खोक्याची दोरी ओढून पाहिली. गेल्या महिन्यात न्हाणीघरात सत्यशीला घसरली होती. त्याने उचलायला जोर लावला, तर कमरेत कळ येऊन तोच तिच्याशेजारी बसला. शेजारच्या सिंधुताई येईपर्यंत दोघं ओल्या फरशीवर भिंतीला टेकून होती. हे त्याने टिकारामलाही सांगितलं नव्हतं, प्रेमानंदला तर नाहीच. त्याने खोकं रिक्षात चढवलं, एकट्याने.

रविवारी सिंधुताईंनी सत्यशीलाचे केस विंचरून दिले, निळ्या काठाची पांढरी साडी नेसवली आणि त्या आपल्या घरी गेल्या. देवीदासने तिची खुर्ची पडद्यासमोर लावली, पुढून मागून दोनदा सरकवली, तिचा डावा हात पडद्यात येतो ना ते पाहिलं. स्वतः तो कडेला स्टुलावर बसला, अर्थ सांगायला.

प्रेमानंद पडद्यावर आला तो जवळजवळ खऱ्या माणसाएवढा. सत्यशीला त्याच्याकडे बघतच राहिली.

"जेवली का, आई?"

तिने पंजा पोटावर ठेवला आणि मग आडवा केला. देवीदास सांगायला पुढे झुकला.

"पुरे झालं म्हणते," प्रेमानंदच म्हणाला. "भात वाढताना करत होते तसं. बाबा, हे तर आपलं जेवतानाचं हाय."

देवीदासचा हात गुडघ्यावरच राहिला. पोरगं विसरलं नव्हतं. ताटावर बसून त्याने वर्षानुवर्षं दोघांची बोटं पाहिली होती, आणि देवीदासला हे कधी सुचलंच नव्हतं. तो सुखावला. मायलेकरं बराच वेळ बोलत राहिली. नातीची शाळा, सुनेची बदली, दारातलं लिंबाचं झाड. प्रेमानंद विचारायचा, ती बोट हलवायची, तो एकदा चुकला तर ती मान हलवून पुन्हा करायची. देवीदासला मध्ये बोलावंच लागलं नाही.

"आता ते विचार," तो म्हणाला. "ठरलं होतं ते."

प्रेमानंद पडद्याजवळ सरकला.

"आई, तुले इथंच राहाचं हाय, का पुण्याले याचं?"

आधी तिने देवीदासकडे पाहिलं, त्याच्या दुखऱ्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याकडे, सुजलेल्या गुडघ्यांकडे. मग डावा हात उचलून त्याच्याकडे बोट केलं. तेच बोट जमिनीकडे वळवून तिने सावकाश गोल फिरवलं.

"थकली ते," देवीदास घाईने म्हणाला. "पलंगावर घे म्हणून राहिली मले. बस कर आता, उद्या बोलू."

"नाई, बाबा." पडद्यावरून प्रेमानंद आधी आईच्या हाताकडे आणि मग त्याच्याकडे बघत होता. "तुमच्याकडे बोट केलं तिनं. मंग उतरव म्हणते. तुमच्यावरचं वजन उतरव."

सत्यशीलाचं बोट अजून फिरत होतं. कॅमेरा जागचा हलला नाही.

प्लांटमध्ये 'हळूहळू उतरव' असं सांगायला दोन हात लागतात. एका हाताचं बोट फिरतं आणि दुसरा पंजा त्याच्यापाशी स्थिर धरायचा असतो. तिच्याकडे एकच हात होता.

देवीदास स्टूल सरकवून पडद्यात आला. त्याने आपला पंजा तिच्या फिरत्या बोटावर धरला, न हलवता. ती थांबली नाही, त्यानेही पंजा काढला नाही. मग त्याने पडद्याकडे न बघता विचारलं,

"तुमच्या बिल्डिंगीत लिफ्ट हाय ना रे?"

"हाय, बाबा," प्रेमानंद म्हणाला. "चाकाची खुर्ची जाते तिच्यात."