दगडावरची मोकळी ओळ

चौकातल्या वाचनालयासमोर एक काळा दगड उभा आहे. समुद्रापलीकडच्या लढाईत वस्तीतली जी पोरं गेली, त्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत. नावं वरून खाली नीट एकाखाली एक येतात आणि अधेमधे एका ठिकाणी ओळभर जागा मोकळी होती. नवख्या माणसाला वाटायचं, कोरणाऱ्याचा अंदाज चुकला. वस्तीतल्या लोकांना मात्र ठाऊक होतं, की ती जागा लाँड्रीवाल्या ताईच्या भावाची आहे आणि ती त्याच्या आईने मोकळी ठेवायला लावली आहे.

भावाला घरीदारी सगळे भुंग्या म्हणत. जेवताना, अंघोळ करताना, कोणी समोर उभं राहून रागावत असतानासुद्धा त्याचं गुणगुणणं चालूच असायचं. शाळेत मास्तरांनी त्यापायी वर्गाबाहेर काढलं, तर बाहेर उभा राहून गुणगुणायचा. आई म्हणायची, हा गप्प बसला की आधी अंगाला हात लावून बघावं, नक्की ताप असणार. सैन्यात भरती होऊन निघाला तेव्हा आप्पा, म्हणजे त्याचे वडील, त्याला म्हणाले होते, "तिथे तरी तोंड मिटून राहा बाबा, नाहीतर सगळ्यांच्या आधी तूच सापडशील." सगळे पोट धरून हसले होते. पुढे ते वाक्य घरात कोणी कधी काढलं नाही.

नदी ओलांडताना त्याच्या तुकडीची होडी बुडाली. काहींचे देह मिळाले, काहींचे मिळाले नाहीत. भुंग्या न मिळालेल्यांतला. लष्कराने आधी बेपत्ता म्हणून कळवलं. लढाई संपून बराच काळ लोटल्यावर दुसरा कागद आला, की मृत समजावं. आईने त्यातला 'समजावं' हा शब्द धरून ठेवला. समजावं म्हणजे त्यांनाही नक्की माहीत नाही, ती म्हणाली. मग मी का समजू?

दगड उभा करायचं ठरलं तेव्हा समितीची माणसं घरी आली. आईने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "मी जिवंत असेपर्यंत त्याचं नाव दगडावर जाणार नाही." तिच्यापुढे कोणाची बोलायची छाती झाली नाही. आप्पा खुर्चीत बसून होते. ते जन्मभर बस चालवून नुकतेच निवृत्त झाले होते आणि मुळातच कमी बोलायचे. त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. समितीने एक ओळ सोडून पुढची नावं कोरून घेतली.

ताई भुंग्यापेक्षा मोठी. चौकापासून दोन गल्ल्या आत तिची लाँड्री. पुढे इस्त्रीचं लांब टेबल, त्यावर जुनी घोंगडी आणि जळल्याचे डाग पडलेली चादर, मागे खळीच्या बादल्या, वर तारेवर हँगर. ती शर्टाची कॉलर आधी करायची, मग बाह्या, मग पाठ, आणि बोलता बोलता करायची, तरी सुरकुती राहत नसे. तिला बाहेरगावचं एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा तिला पसंतही होता. पण आईला त्या वाट बघण्यात एकटं टाकून जायचं तिच्या जिवावर आलं. थोडं थांबू, असं म्हणता म्हणता ते स्थळ दुसरीकडे जुळलं. तिनेही पुन्हा विषय काढला नाही.

आईचं एक काम मात्र ठरलेलं असायचं. कपाटातले भुंग्याचे शर्ट ती मधूनमधून काढून ताईकडे द्यायची. धुऊन, कडक इस्त्री करून परत घडी घालून ठेवायचे. आल्यावर त्याला अंगात घालायला काहीतरी नको का, असं तिचं म्हणणं. इतक्या वेळा एकाच रेषेवर घड्या पडल्या, की घड्यांच्या जागी कापड झिरझिरीत झालं. ते शर्ट कोणी न घालताच विरले. आई गेली त्यानंतरही ताई ते काम करत राहिली. कोणी सांगितलेलं नव्हतं. पण हातून राहवत नसे.

आईला जाऊन वर्ष उलटलं आणि समितीचे अध्यक्ष घरी आले. ते दातांचे डॉक्टर, माणूस मवाळ, दुखऱ्या दाताला हात लावावा तसे शब्द जपून टाकायचे. त्यांनी सांगितलं, की यंदा लढाई संपल्याचा मोठा स्मरणदिन आहे, बाहेरचे पाहुणे येणार आहेत, आणि दगडावरची ती मोकळी जागा दिसायला बरी दिसत नाही. मग स्वतःच्याच बोलण्याने ओशाळून म्हणाले, दिसण्याचं जाऊ द्या, पण बाकीच्या पोरांच्या रांगेत त्याला जागा मिळायला नको का?

ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिला खात्री होती, आप्पा आता ठाम नाही म्हणणार. आईचा शब्द होता तो.

आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "कोरून घ्या."

ताईने ट्रे टेबलावर ठेवला आणि डॉक्टर चहा पिऊन गेले. दार लागलं तशी ती आप्पांपुढे येऊन उभी राहिली आणि आईच्या शब्दाचं काय, असं तिने विचारलं.

आप्पा म्हणाले, "शब्द तिचा होता, ती असेपर्यंतचा. मी दिला नव्हता."

"म्हणजे तुम्हाला तो गेला असं वाटतं?"

"वाटतं काय? पहिला कागद आला त्याच दिवशी मला कळलं. पाण्यात बुडालेली माणसं इतक्या दिवसांनी येत नसतात. तुझ्या आईपुढे ते बोलायचं नव्हतं, म्हणून नाही बोललो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

आप्पांना तो प्रश्नच समजला नाही.

"तुला काय सांगायचं?" ते म्हणाले. "तूही तिचं मनच राखत होतीस ना?"

ताई स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेलेच कप पुन्हा विसळत बसली. इतकी वर्षं या घरात तिघं मिळून वाट बघतायत असं ती धरून चालली होती. दोघीच बघत होत्या, आणि त्यातली एक गेली. आप्पांवर रागवावं तर कशाबद्दल? त्यांनी कोणाला फसवलं नव्हतं. त्यांनी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही, आणि वय निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी लाँड्री अर्ध्यावर बंद करून ती डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. बाहेरच्या बाकावर गाल धरून बसलेल्या पेशंटांत तीही बसली. आत गेल्यावर डॉक्टरांनी सवयीने तिला त्या मागे कलणाऱ्या खुर्चीकडे हात केला, मग चपापून स्टूल पुढे ओढलं. एक वर्ष थांबा, एवढंच तिचं मागणं होतं. डॉक्टरांनी टाळाटाळ केली नाही. आप्पांची संमती झाली आहे, पाथरवटाला सांगून झालं आहे, पाहुण्यांच्या हस्ते फूल वाहायचं तेही ठरलं आहे, असं त्यांनी सांगितलं. मग हातातला आरसा खाली ठेवून म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणाल तर मी सगळं थांबवतो, बोलणी खातो. पण पुढच्या वर्षी काय वेगळं होणार आहे, ते मला सांगा."

तिने खूप विचार केला. सांगण्यासारखं तिच्यापाशी काहीच नव्हतं. तो येईल, हे तिला तोंडाने म्हणवेना. आजवर कधी म्हणायची वेळच आली नव्हती. आई म्हणायची, आणि ती इस्त्री फिरवायची. बाहेर कोणीतरी दाढेने कळवळत होतं. ती उठली आणि तुमचा वेळ घेतला म्हणून निघून आली.

ज्या दिवशी कोरायला सुरुवात झाली त्या दिवशी तिने चौकाकडे फिरकायचं नाही असं ठरवलं होतं. पण दुकानात छिन्नीचा आवाज येत राहिला. इतक्या लांब तो ऐकू येणं शक्य नव्हतं हे तिलाही कळत होतं. एका गिऱ्हाइकाच्या पँटवर इस्त्री जरा जास्त वेळ टेकली, तेव्हा तिने बटण बंद केलं आणि तशीच निघाली.

पाथरवट गुडघ्याखाली पोत्याची घडी घेऊन बसला होता. दगडावर खडूने पूर्ण नाव आखलेलं होतं, आधी भुंग्याचं, मग आप्पांचं, मग आडनाव. ते नाव घरात कोणी कधी वापरलंच नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर आणि लष्कराच्या कागदावर तेवढं असायचं. ताईला ते कोणा परक्याचं वाटलं आणि क्षणभर तिला त्यातच बरं वाटलं. याचं नाव कोरताहेत, भुंग्याचं नाही. पण ते टिकलं नाही. पहिली दोन अक्षरं कोरून झाली होती आणि त्यांच्या कडांना दगडाची पांढरी भुकटी चिकटली होती.

पाथरवटाने मान वर केली. तो तिला ओळखत होता. त्याच्या लेकाच्या लग्नातला कोट तिनेच इस्त्री करून दिला होता. त्याने छिन्नी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "थांबू का?"

सगळ्या वस्तीत तेवढ्याच एका माणसाने कारण न मागता तिला ते विचारलं होतं, आणि त्याने विचारलं तेव्हा दोन अक्षरं होऊन गेली होती. कोरलेलं पुसता येत नाही. फार तर तेवढी दोन अक्षरं तशीच राहतील, आणि येणारे-जाणारे विचारतील, हे कोण?

"नको," ती म्हणाली. "अर्धं नका ठेवू. पूर्ण करा."

तो पुन्हा कामाला लागला. ती तिथेच उभी राहिली. मध्ये वाचनालयातल्या बाई खुर्ची घेऊन आल्या, तिने नको म्हटलं. आडनाव संपेपर्यंत तिचे पाय भरून आले. पाथरवटाने ब्रशने भुकटी झटकली, ओल्या फडक्याने ओळ पुसली आणि बाजूला सरकला, तिला नीट दिसावं म्हणून. तिने मान हलवली, जसं आपलं गिऱ्हाईक शर्ट उलटसुलट बघून हलवतं, आणि दुकानात परत आली.

स्मरणदिनाला चौक भरून गेला. आप्पांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. त्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि दाढी स्वतः केली होती, हनुवटीवर एक जागा कापली होती. ताई त्यांच्या शेजारी बसली. डॉक्टरांनी एकेक नाव वाचायला घेतलं. नाव वाचलं की त्या घरची माणसं उभी राहत आणि त्यांच्या मागोमाग सगळा चौक क्षणभर ताठ होई.

भुंग्याचं नाव आलं. ताई उठली. आप्पा उठले नाहीत. गुडघे धरले असतील म्हणून तिने त्यांच्या दंडाखाली हात घातला, तर ते जागचे हलले नाहीत. तिने वाकून पाहिलं. पहिल्या कागदाच्या दिवशीच ज्याला सगळं कळलं होतं, तो माणूस तोंड उघडं टाकून त्या ओळीकडे बघत होता, जणू आत्ताच कोणी येऊन सांगितलं असावं.

"कोरलं गं," ते म्हणाले. "खरंच कोरलं."

"तुम्हीच सांगितलंत, आप्पा."

"हो. मीच सांगितलं."

तिने त्यांना उठवायचा पुन्हा प्रयत्न केला. ते जड झाले होते. शेवटी तीही त्यांच्या शेजारी खाली बसली. सगळा चौक उभा आणि ज्यांचं माणूस गेलं ती दोघं बसलेली. डॉक्टर वाट बघत थांबले, मग त्यांनी पुढचं नाव वाचलं.

त्यानंतर लोक भेटायला येऊ लागले. जणू भुंग्या कालच गेला. कपड्यांचं गाठोडं टेबलावर ठेवता ठेवता बायका तिचा हात दाबत. एकीने तर, झालं ते बरंच झालं, आता तुम्ही सुटलात, असं म्हणून टाकलं आणि लगेच साडीला खळ जरा बेताची घाला हेही सांगितलं. ताई सगळ्यांना हो म्हणत होती. एवढी वर्षं कोणी काही बोललं नव्हतं तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता सगळे बोलत होते, आणि ते ठेवावं कुठे ते तिला कळत नव्हतं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तेही येत नव्हतं.

आप्पा मात्र बदलले. सकाळी काठी घेऊन निघायचे आणि दगडाच्या चौथऱ्यावर, दगडाला पाठ लावून बसायचे. रस्त्यावरून जाणाऱ्या बसकडे बघायचे, कधी ड्रायव्हरने हात केला तर हात करायचे. दगडाकडे वळून बघायचे नाहीत. जेवायला आपणहून यायचे नाहीत. ताईने पहिल्यांदा रागावून पाहिलं, मग समजावलं, मग जेवणाचा डबा तिथेच नेऊन देऊन पाहिलं, तर डबा तसाच परत आला. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, यावर माझ्याकडे औषध नाही.

तेव्हा रोज दुपारी ती इस्त्री बंद करते आणि त्यांना आणायला जाते. त्यांच्यासमोर उभी राहते, दोन्ही हात त्यांच्या काखेत घालते आणि चला म्हणते. ते लगेच उठत नाहीत. त्यांना उठवायचं तर तिला दगडाकडे तोंड करूनच उभं राहावं लागतं, आणि त्यांच्या खांद्यावरून नेमकी तीच ओळ समोर येते. अक्षरांच्या कडा अजून नव्या आहेत, बाकीच्या नावांपेक्षा पांढऱ्या. ती डोळे मिटून बघते, पण डोळे मिटले की तिचा तोल जातो आणि आप्पा घाबरून तिचं मनगट घट्ट धरतात. म्हणून ती डोळे उघडे ठेवते, आणि ते उठेपर्यंत वाचत राहते.