पुंजाजींचं लपवलेलं दुखणं

मित्रांनो, मी उंद्रीच्या पुंजाजींची जुनी दमणी आहे. दमणी म्हणजे माणसांना बसायची हलकी बैलगाडी. निवृत्ती सुताराने मला सागाच्या लाकडात घडवलं, तेव्हा गावात माझ्यासारखी दुसरी नव्हती. पुंजाजी मला लग्नाकार्याला, बाजाराला झोकात नेत. त्यांची लेक रुख्मिणी माझ्यातूनच धामणगाव बढ्याला सासरी गेली.

साठी उलटली आणि पुंजाजी मला वाटेत वरचेवर थांबवू लागले. बाभळीआड जात, बराच वेळ तिथे उभे राहत आणि तोंड पाडून परत येत. बसतात न बसतात तोच पुन्हा कासरा ओढत. मागे बसलेली माणसं हसायची. मग ते निघण्याआधी पाणीच पिईनासे झाले. पुढे गावाबाहेर जाणंही सोडलं. रुख्मिणीच्या बाळाच्या बारशालासुद्धा ‘पेरणी आहे’ असा निरोप धाडून घरीच राहिले. बाप आपल्यावर रुसला, असं लेकीने मनात धरलं.

शेवटी त्यांच्या बायकोने, झुंबरबाईंनी, हट्ट धरून त्यांना तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे आणलं. मुलगा उत्तमराव आणि सून सोबत होते. आत गर्दी फार, म्हणून डॉक्टर माझ्यापाशीच आले.

“लघवीची धार बारीक झालीय का? मध्येच तुटते? जोर करावा लागतो? रात्री किती वेळा उठता?”

पुंजाजींनी सुनेकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “नाही जी. एखाद्या वक्ती उठतो.”

“हा त्रास असाच जन्मभर राहिला, तर चालेल तुम्हाला?”

“चालन जी. वयच झालं आता.”

झुंबरबाई काही बोलणार होत्या, पण पुंजाजींनी डोळे वटारले. आत येऊन तपासून घ्यायलाही ते तयार होईनात. त्रास थोडाच आहे असं समजून डॉक्टरांनी पुड्या दिल्या. “वाढलं तर लगेच या,” म्हणाले.

घरी माझ्यातून उतरताना झुंबरबाईंनी विचारलं, “काऊन खोटं सांगतलं?”

“सुनबाईसमोर काय सांगू वं? लाज नाही वाटत माणसाले?”

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांची लघवी साफ तुंबली. पोट दगडासारखं झालं. उत्तमरावांनी त्यांना माझ्यात निजवलं. प्रत्येक खाचखळग्याला ते कण्हत होते, आणि मला त्यांना धक्का न देता चालता येत नव्हतं. डॉक्टरांनी रबरी नळी घालून त्यांना मोकळं केलं. पण मूत्राशयाखालची प्रोस्टेटची गाठ केव्हाची वाढत होती. लघवी अडून अडून मूत्रपिंडंही निकामी होत आली होती. डॉक्टर हळूच म्हणाले, “तेव्हा खरं कळलं असतं, तर काही करता आलं असतं.”

पुंजाजींना घरी मीच आणलं. ते फार दिवस काढू शकले नाहीत.

रुख्मिणी धावत आली. “बाबा माह्यावर काऊन रुसले होते वं माय?”

“रुसले नव्हते, बाई. रस्त्यानं घडीघडी थांबा लागे, लोकं हासत. लाज वाटे त्यायले.”

“मले सांगतलं असतं त मीच आली असती ना!” रुख्मिणी माझ्या चाकाशी बसून रडत राहिली.

मित्रांनो, आता मला वाळवी लागली आहे, फार बोलवत नाही. घरातले आजोबा घडोघडी उठू लागले, पाणी टाळू लागले, तर हसू नका. चारचौघांत विचारू नका. बाजूला बसवून विचारा, आणि त्यांच्या पहिल्या उत्तरावर उठून जाऊ नका.