तीन भाकरी आणि एक तुकडा

तव्याला तापट असावंच लागतं, मित्रांनो, म्हणून माझं बोलणं कडक वाटलं तर राग मानू नका. मी एक जुना बिडाचा तवा आहे. कुपवाडच्या एका भट्टीत मला ओतलं आणि तिथेच जवळ, बनुबाईंच्या खानावळीत मी आयुष्य काढलं.

बनुबाई मूळच्या म्हसवडच्या. नवरा वारल्यावर लेक प्रांजलला घेऊन त्या इथे आल्या आणि माझ्या जोरावर त्यांनी तिला वाढवलं. दुपारची सुट्टी झाली की कारखान्यांतले कामगार दारात मोटारसायकली लावून आत शिरत. रस्सा कितीदाही मागा, बनुबाई नाही म्हणत नसत. त्यांचा नियम एकच, ताटात तीन भाकरी वाढायच्या नाहीत. ते खाणाऱ्याला वाईट, असं त्या मानत. कुणाला तीनच हव्या असल्या तर चौथीचा तुकडा मोडून त्या सोबत ठेवत. कामगारांना त्यात नवल वाटत नसे, कारण त्यांच्या घरीही तसंच चाले.

मग नाक्यावर पिझ्झा-बर्गरचं झगझगीत दुकान आलं. त्याच्या शाखा म्हणे पार इस्लामपूरपर्यंत. मोबाइलवर बोट टेकवलं की खोकं दारात, वर एकावर एक फुकट. आमची बाकडी रिकामी पडू लागली. दिवसभर गार पडून राहणं मला फार अपमानाचं वाटायचं. खानावळ बंद करायची वेळ आली, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून प्रांजलने खानावळीचं नाव जेवण पोचवणाऱ्या अ‍ॅपवर घातलं. ऑर्डरी येऊ लागल्या आणि मी पुन्हा तापलो.

एके दुपारी सांगलीतून कुणीतरी पिठलं आणि तीन भाकरी मागवल्या. बनुबाईंनी सवयीने तुकडा मोडला आणि डब्यात घातला.

गिऱ्हाइकाने त्या तुकड्याचा फोटो टाकून लिहिलं, की यांनी उष्टी भाकरी पाठवली. फोटो गावभर फिरला. आमच्या बाकड्यांवर जेवलेल्या कामगारांनीही तो पाहिला असणार. कुणी चकार शब्द काढला नाही. संध्याकाळपर्यंत अ‍ॅपवाल्यांनी आमचं नाव काढून टाकलं.

बनुबाईंनी प्रांजलला अ‍ॅपच्या कंपनीला फोन लावायला सांगितलं. पलीकडे एक गोड आवाज होता.

"आवं बाई, तीन वाढत न्हाईत कुणाला," बनुबाई समजावू लागल्या. "खाणाऱ्याला वंगाळ असतंय. म्हणून तुकडा घातला हुता. उष्टा न्हाई."

आपण चुकीचा पर्याय निवडला आहे, असं तो आवाज म्हणाला. बनुबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी प्रांजलने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"आई, तिकडं माणूस न्हाई."

खानावळ मिटली. बनुबाई आता नाक्यावरच्या त्या दुकानात फरशी पुसतात, असं भंगारवाला कुणाला तरी सांगत होता. मी त्याच्या आवारात पालथा पडलो आहे.

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही. बीड वितळतं आणि त्याचं दुसरं काहीतरी होतं. माणसाचं तसं होत नाही. दारात आलेलं जेवण कुणाच्या तरी हातचं असतं. त्यात काही वेगळं दिसलं तर दोष देण्याआधी त्या हातांना एकदा विचारा. आपल्याला कुणीतरी उष्टं खाऊ घातलं, असंच ते गिऱ्हाईक अजून समजत असेल. त्याचं वाईट होऊ नये म्हणून बनुबाईंनी ती भाकरी मोडली होती.