मोठ्या आवाजाचा गजर

मित्रांनो, मी एक जुना गजर आहे. पहाटे उठवणारा नव्हे, गळ्यात घालायचा. म्हातारं किंवा अधू माणूस पडलं, की मला त्याचा हिसका कळतो. मी ओरडतो, मदत केंद्राला फोन लावतो आणि तिथल्या माणसाचा आवाज माझ्यातून ऐकू येतो. सध्या मी माझ्या खोक्यात आहे. तोंड लपवायला ही जागा बरी आहे.

कारखान्यात मला कितीतरी वेळा टेबलावरून गादीवर पाडून पाहिलं. दर वेळी मी ओरडलो आणि दर वेळी तपासणाऱ्या बाईंनी समाधानाने मान डोलावली. ओरडणं हाच आपला मोठेपणा, अशी माझी समजूत झाली.

मला घ्यायला एक भाऊ-बहीण दुकानात आले. त्यांच्या आईने अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं होतं. आता तिचा एक पाय नीट उचलत नव्हता आणि दिवसभर ती घरी एकटी असायची. भावाने बॅटरीची चौकशी केली, बहिणीने पाणी लागलं तर चालेल का ते विचारलं. मग दुकानदाराने मला आपटून दाखवलं. मी असा काही केकाटलो, की शेजारच्या दुकानातली माणसं डोकावली. भाऊ लगेच म्हणाला, हाच द्या. आई तिथेच पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही इतका फुशारलो होतो, की तिच्याकडे पाहिलंच नाही. असं त्यांनी मला तिच्या गळ्यात मारलं.

थोड्याच दिवसांनी जुन्या विद्यार्थ्यांनी आईचा, म्हणजे त्यांच्या पोहण्याच्या बाईंचा, सत्कार ठेवला. हातातून पडलेला रुमाल उचलायला बाई झटकन वाकल्या आणि मी गरजलो, "आपण पडलात का? मदत पाठवू का?" सगळ्या माना वळल्या. कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. ज्यांच्या एका शिट्टीवर पोरं धडाधड पाण्यात उड्या टाकायची, त्या बाईंनी मला मुठीत दाबलं आणि पुटपुटल्या, "नाही हो, चुकून वाजलं." त्यांचे कान लाल झाले होते. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

पुढे ते वाक्य त्यांच्या तोंडात बसलं. जिन्यात, बँकेत, भाजी घेताना मी उगाच ओरडायचो, त्या चुकून वाजलं म्हणायच्या आणि केंद्रातली मुलगी "बरं मावशी" म्हणून फोन ठेवायची.

एका दुपारी स्वयंपाकघरात पाणी सांडलं होतं. बाई घसरल्या आणि कमरेवर आदळल्या. मी ओरडलो. खिडकी उघडी होती. समोरच्या गॅलरीत गप्पा मारणाऱ्या बायका एकदम थांबल्या.

"मावशी, पडलात का?" केंद्रातल्या मुलीने विचारलं.

बाईंनी डोळे मिटून घेतले. "नाही हो. चुकून वाजलं."

फोन बंद झाला. नाही म्हटलं की गप्प बसायचं, एवढंच मला शिकवलेलं. बाईंनी उठायचा प्रयत्न केला, पण जमेना. माझं बटण दाबून परत मदत मागायला त्यांचा हात मोकळा होता. बोट माझ्यापर्यंत आलं आणि मागे गेलं. आत्ताच नाही म्हटलं, आता हो कसं म्हणायचं, याचीच त्यांना लाज वाटत असावी. संध्याकाळी बाईंची मुलगी कामावरून घरी आली, तेव्हा बाई गारठून थरथरत होत्या.

खुबा मोडला होता. दवाखान्यात मुलगा माझ्यावर भडकला. वेळेला न वाजणारं हे खेळणं आजच परत करतो, म्हणाला. बाई गप्प राहिल्या असत्या, तर सगळा दोष माझ्यावर आला असता आणि मला तो चालला असता.

"वाजलं होतं," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "मीच नको म्हणाले. मला लाज वाटली."

मुलाने मला खिशात टाकलं. मुलीने विचारलं, "आई, तुला कसला चालेल?"

बाईंनी मनगटावरचा, न बोलणारा निवडला. तो नुसता थरथरतो आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला कळवतो. बाई आता काठी घेऊन चालतात. तलावाच्या पायऱ्या मात्र त्यांना उतरता येत नाहीत.

मित्रांनो, घरातल्या कुणासाठी असं काही घ्याल, तर ते ज्याच्या अंगावर राहणार त्याला आधी विचारा. आणि चारचौघांत कुणाचा गजर चुकून वाजला, तर कृपा करून हसू नका. त्या दिवशी हसलेल्यांना घरी जाईपर्यंत ते आठवतही नसेल. बाई ओल्या फरशीवर पडल्या, तरी विसरल्या नव्हत्या.