आईचं दुखणं

दारुड्यांबद्दल माझ्या आईचं एकच मत होतं आणि उत्तरेकडच्या सावो प्रांतातल्या आमच्या त्या तळ्याकाठच्या गावात ते कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही.

"आजार गोवराला म्हणतात. गोवर कोणी पेल्यात ओतून घेतो का? दारू ओतून घ्यावी लागते. तो आजार नव्हे, तो कणा नसणं."

आईचं नाव ताइमी. गावच्या शाळेत ती जन्मभर कसरत शिकवत होती. गावातल्या दोन पिढ्या तिने दोरावर चढवल्या आणि बर्फावर पळवल्या. हिवाळ्यात तळ्याच्या बर्फाला पाडलेल्या भोकात उतरून पोहायची आणि वर येऊन अशी हात पुसायची, जशी दुसरी बाई भांडी घासून पुसते.

माझा बाबा उर्पो होड्या बांधायचा आणि प्यायचा. मी शाळेत जाणारी पोर असताना एकदा तो मला होडीत घेऊन निघाला आणि तळ्याच्या मध्यावर झोपी गेला. मला वल्ही उचलवत नव्हती. वाऱ्याने होडी पार पलीकडच्या काठाला नेऊन लावली आणि लोकांनी आम्हाला घरी आणलं. आईने आरडाओरडा केला नाही. मला कोरडे कपडे घातले, सूप पाजलं आणि बाबाची बॅग भरून धक्क्यावर नेऊन ठेवली. नोव्हेंबर होता.

बाबा उपचाराला गेला, सुटून आला, पुन्हा प्याला, पुन्हा गेला. शेवटी एकदाची त्याची दारू खरंच सुटली. तेव्हा टोपी हातात धरून दारात आला आणि म्हणाला, "ताइमी, डॉक्टर म्हणतात हा आजार आहे."

"मग दारात उभा राहू नकोस," आई म्हणाली, "विर्पीला लागण होईल." आणि दार लावून घेतलं.

विर्पी म्हणजे मी. ही गोष्ट बाबा स्वतःच सगळ्यांना सांगायचा आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. तो गाव सोडून गेला नाही. तळ्याच्या खाडीपलीकडे एक जुनी शेड घेऊन तिथेच राहिला, होड्या दुरुस्त करत राहिला आणि त्यानंतर थेंबाला शिवला नाही. मी दोन्ही काठांवर वाढले. उन्हाळ्यात वल्हवत जायची, हिवाळ्यात बर्फावरून चालत. आईने मला कधी अडवलं नाही. उलट दर नाताळला लोकरीचे मोजे विणून माझ्या पिशवीत टाकायची. "त्याला दे. त्याचे फाटले असतील. मी दिले म्हणून सांगू नकोस." जणू गावात दुसरं कोणी तसले पट्ट्यापट्ट्यांचे मोजे विणत होतं!

आई म्हातारी झाली तरी ताठ होती. पण एका फेब्रुवारीत लाकडं आणायला म्हणून मागच्या शेडकडे गेली आणि घसरून पडली. खुबा मोडला. शस्त्रक्रिया नीट झाली. घरी येताना तिला दुखण्यावरच्या जोरदार गोळ्या दिल्या. मी माझं केस कापायचं दुकान बंद केल्यावर रोज तिच्याकडे जायचे. एकदा ती आपणहून म्हणाली, "विर्पी, गोळी घेतली ना, की आत कोणी शेगडी पेटवल्यासारखं वाटतं." त्या गोष्टीबद्दल पुन्हा चकार शब्द नाही.

उन्हाळ्यापर्यंत ती काठी टाकून चालायला लागली, पण गोळ्या काही सुटल्या नाहीत. कॉफीचा कप हातात धरून ती दुपारीच डुलक्या घ्यायची. पोहायला जाणं बंद झालं. शेजारच्या गावातल्या एका डॉक्टरकडेही ती चोरून जाते, हे मला तिथल्या एका गिऱ्हाइकाचे केस धुताना कळलं. मी स्वतःची समजूत घालत राहिले. म्हटलं, वय आहे, दुखत असेल.

पुढच्या हिवाळ्यात माझी अक्कलदाढ काढली. मलाही तसल्याच गोळ्या मिळाल्या होत्या. आई रविवारी जेवायला येऊन गेली आणि गोळ्यांचं पाकीट नाहीसं झालं. मी तिच्याकडे गेले.

"आई, माझ्या दाताच्या गोळ्या पाहिल्यास का?"

"कुठल्या ग?"

"न्हाणीघरातल्या कपाटातल्या."

"संपवल्या असशील तू. हल्ली फार विसरतेस हं, बाळा."

माझी आई मला बाळा म्हणत नाही. तिचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला होता. असा आवाज मी लहानपणी या घरात ऐकला होता, पण तो तिचा नव्हता. बाबा "एकच बिअर घेतली ग" म्हणायचा, तेव्हाचा तो आवाज.

मी तिला आमच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेले. तिथला डॉक्टर सामुली तिचाच विद्यार्थी. त्याने सगळी माहिती पडद्यावर बघितली आणि खुर्ची जवळ ओढली.

"बाई, तुमच्या शरीराला या गोळ्यांचं व्यसन लागलंय."

"मला फक्त पोहायचं व्यसन आहे."

"हा आजार आहे, बाई. यात लाजण्यासारखं काही नाही."

"सामुली, तुला दोरावर अर्ध्यापर्यंतसुद्धा चढता यायचं नाही. तेव्हा मी म्हटलं का, की पोराला आजार आहे?"

"नाही बाई. तुम्ही म्हणालात, ढुंगण उचल."

"मग!"

सामुलीने हसू आवरलं आणि बजावून सांगितलं, की गोळ्या एकदम थांबवायच्या नाहीत, हळूहळू कमी करायच्या, तो तसं ठरवून देईल. आईने मान डोलावली. घरी आली आणि घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या गोळ्या चुलीत टाकल्या. कणा असल्यावर हळूहळू कशाला?

दोन दिवसांनी मी सकाळी गेले तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, पाठ कपाटाला टेकलेली. अंगावर तीन गोधड्या, तरी दात वाजत होते. कपाळावरून घाम गळत होता आणि पाय आपोआप झटके देत होते.

"फ्लू आहे," ती म्हणाली.

मी सामुलीला फोन केला. तो म्हणाला, दुपारपर्यंत येतो, तोवर तिला पाणी पाजत राहा, एकटीला सोडू नका. मग मी बाबाला फोन केला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. एवढंच डोक्यात आलं, की या जमिनीवर याआधी बसलेला माणूस माझ्या ओळखीत तो एकटाच आहे.

बाबा बर्फावरून आला, त्याच्या जुन्या घसरगाडीवर, एका पायाने ढकलत. पुढच्या बैठकीवर माशाच्या सुपाची बरणी आणि मागे धावणारा मुस्ती कुत्रा. इतक्या वर्षांत तो या घराच्या आत आला नव्हता. उंबऱ्यावर थबकला, बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर आत आला. आईने मान वर केली, त्याच्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहिलं.

"टाच विरलीय," ती म्हणाली.

"तुझ्याकडूनच आलेत. तक्रार तुझ्याकडेच करायची होती," बाबा म्हणाला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसला. त्याचेही गुडघे कुरकुरले. त्याने तिचे झटके देणारे पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले आणि दोन्ही हातांनी दाबून धरले. मुस्तीही आत येऊन त्यांना चिकटून पसरला.

"सोड. मला कोणी धरायला नको."

"माहीत आहे. पण तू माझ्या कुत्र्याला लाथा मारतेयस."

सामुली आला, तपासलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण मोजून, दर थोड्या दिवसांनी कमी होतील अशा. प्रश्न एवढाच होता, की त्या ठेवायच्या कोणाकडे. आईच्या हाती तर द्यायच्या नव्हत्या.

"विर्पीकडे नको," आई म्हणाली. "पोटच्या पोरीपुढे मी हात पसरणार नाही."

"मग माझ्यापुढे पसर," बाबा म्हणाला. "माझी कसली लाज? तू मला याहून वाईट पाहिलंयस."

आईने गोधडी अंगाभोवती ओढून घेतली. मग म्हणाली, "सकाळी लवकर येत जा. मला खोळंबून राहायला आवडत नाही."

तेव्हापासून बाबा रोज सकाळी खाडी ओलांडून यायचा. गोळी द्यायचा, ती गिळेपर्यंत समोर बसायचा, कॉफी प्यायचा आणि जाताना लाकडं फोडून ठेवायचा. आई त्याच्यावर खेकसायची. लाकडं जाड फोडतोस, कॉफीत साखर किती घालतोस, कुत्र्याचे पाय पूस. तो सगळ्याला हो म्हणायचा.

एका रविवारी मी तिथे होते. आईला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून तिचे केस कापत होते. बाबा आला आणि त्याने टोपी काढायच्या आतच आई म्हणाली, "उर्पो, काल तू लाकडं फोडत होतास तेव्हा मी तुझ्या कोटाच्या खिशातून जास्तीच्या गोळ्या घेतल्या."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलतेस का बघत होतो." बाबाने टोपी काढली आणि उगाच हातात फिरवत राहिला. "एवढं एक वाक्य म्हणायला मला किती वर्षं लागली, ताइमी. तू तर दुसऱ्याच दिवशी म्हणालीस."

"मी चोरी केली. आधी पोरीच्या घरात, मग तुझ्या खिशात. सामुली म्हणतो हा आजार आहे. म्हणजे मी चोर नाही, आजारी आहे. ऐकायला किती बरं वाटतं." आईचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकले होते. "पण मी आजारी असेन तर तूही आजारीच होतास. आणि मी आजारी माणसाची बॅग नोव्हेंबरात धक्क्यावर नेऊन ठेवली."

माझी कात्री थांबली. ती इतके दिवस सामुलीशी का भांडत होती, ते मला तेव्हा कळलं.

बाबा समोर बसला. "आजारी होतोच ग मी. पण होडीत विर्पी होती. तिला मी नेलं होतं, आजाराने नाही. तू बॅग ठेवलीस ते बरोबर केलंस. ठेवली नसतीस तर मी तुझ्या सोफ्यावर मरेपर्यंत लोळलो असतो आणि म्हणालो असतो, मी आजारी आहे, गोधडी आण."

"दोन्ही कसं असेल? आजार तरी असेल, नाहीतर दोष तरी."

"मला नाही ते सांगता येत. तूच सांग. हात खिशात जायच्या आधी एक क्षण असतो बघ. काल तो तुझा होता का?"

आईने विचार केला. शाळेत गुण देताना करायची तसा, प्रामाणिकपणे.

"कालचा माझा होता," ती म्हणाली. "थांबता आलं असतं, मी थांबले नाही. विर्पीच्या घरातला नव्हता. तिथे मी कपाट कधी उघडलं तेही मला आठवत नाही."

"मग झालं तर," बाबा म्हणाला. "माझेही क्षण असेच मिसळलेले आहेत. काही निवडता येतात, काही नाही येत."

मी पुन्हा केस कापायला घेतले. तशी ती म्हणाली, "विर्पीला लागण होईल म्हणाले होते मी तुला. ते तरी बोलायला नको होतं."

"वा! ते तर तुझं सगळ्यात भारी बोलणं! त्याच्यावर मी इतकी वर्षं सगळ्या गावाला हसवतोय. ते परत घेऊ नकोस, माझ्याकडे दुसरा विनोद नाही."

आई हसायला लागली. तिचे एका बाजूचे केस कापलेले, दुसऱ्या बाजूचे लांब, आणि ती हसतेय, खांदे हलवून. मला कात्री बाजूला ठेवावी लागली.

बर्फ वितळला तसा बाबा होडीने यायला लागला. मध्यउन्हाळ्याच्या सणाच्या सुमारास गोळ्या संपल्या. ते सोपं गेलं नाही. तिला झोप लागायची नाही, कारण नसताना रडू यायचं आणि खुबा अजूनही ठणकतो, ढग आले की जास्तच. ती पुन्हा तळ्यात उतरायला लागली आहे, पण धक्क्याची शिडी धरून.

ती दोघं पुन्हा एकत्र राहायला लागली, असं गावात कोणी सांगितलं तर खरं मानू नका. आई म्हणते, त्याच्या घराला माशांचा आणि कुत्र्याचा वास येतो. पण गुरुवारी ती बाबाबरोबर चर्चच्या हॉलमध्ये जाते, जिथे त्याच्यासारखी माणसं खुर्च्यांचा गोल करून बसतात. पहिल्या दिवशी तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली. तिथे कोणी उभं राहत नाही. म्हणाली, "मी ताइमी. माझं नक्की काय आहे ते अजून ठरायचंय. पण मी आले आहे." बाबा सांगतो, कोपऱ्यातला एक ट्रकवाला म्हणाला, "आमचंही ठरायचंय, बसा." आणि ती बसली.

ऑगस्टमध्ये आम्ही तिघं जंगलात अळंबीच्या पिवळ्या छत्र्या वेचायला गेलो. बाबाची एक जागा आहे, जी तो मलासुद्धा सांगत नसे. आमच्याकडे माणसं अशी जागा मरतानाही सांगत नाहीत. त्या दिवशी तो सरळ आम्हाला तिथे घेऊन गेला. भूर्जाच्या झाडांखाली शेवाळावर पिवळाजर्द सडा पडला होता.

"एवढं!" आई म्हणाली. "आणि दर वर्षी एकट्यानेच खात होतास?"

"तुला पाठवत होतो की. विर्पीच्या पिशवीतून. मी दिल्या म्हणून सांगू नकोस असं तिला सांगून."

आईने माझ्याकडे बघितलं. मी मुकाट्याने टोपली पुढे केली. मग तिने बाबाचा खांदा धरला आणि वाकू लागली.

"हळू," ती म्हणाली. "दुखतंय."

बाबा जागचा हलला नाही. ती एकेक छत्री खुडून टोपलीत टाकेपर्यंत तो तसाच उभा राहिला, डास चावत असतानाही.