पाण्याचा आवाज ओळखणारा

खड्डा छातीएवढा खोल गेला तरी माती कोरडीच होती. खणणाऱ्याने मूठभर वर काढून दाखवली.

"कानसाहेब, इथं तर ढेकूळसुद्धा ओलं नाही."

कानसाहेब हे त्यांना खात्यात पडलेलं नाव. पाणीपुरवठ्यात सत्तावीस वर्षं ते जमिनीखालची गळती शोधत होते. पहाटे रस्ता जागा व्हायच्या आत लोखंडी दांड्याचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा आणि खाली पाइपातून पाणी कुठे निसटतंय ते ऐकायचं. ते बोट दाखवतील तिथे पाणी लागायचंच.

"आहे. बारीक आहे, पण आहे," ते म्हणाले. "अजून हातभर जा."

हातभर गेल्यावर पाइप लागला. ठणठणीत कोरडा. महिन्यातला हा दुसरा फुकट खड्डा. इंजिनिअर मॅडमनी नुसता खड्डा बुजवायला सांगितला, आणि तेच कानसाहेबांना जास्त लागलं.

पाण्याचा तो आवाज त्यांच्यासोबत घरी आला. जिना चढताना होता, जेवताना ताटाशी होता, उशीतही होता. बारीक, न तुटणारा, जणू लांब कुठेतरी कुणी धार सोडून विसरून गेलंय.

"अगं, मोरीतला नळ नीट बंद केलायस ना?"

"तिसऱ्यांदा विचारताय," शिलाई मशीनवरून मान वर न करता बायको म्हणाली. "अहो, पाणी सकाळीच गेलंय."

ते स्वतः उठून गेले. नळाच्या तोंडाला बोट लावून पाहिलं. मग त्या कोरड्या बोटाकडे बघत तिथेच उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी दोन्ही कान तळहातांनी गच्च दाबले. बाहेरचं सगळं बुडालं, आणि आवाज उलट वाढला. पाणी रस्त्याखाली नव्हतं, मोरीतही नव्हतं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना काचेच्या बंद खोलीत बसवून तपासलं आणि कागदावरची उतरती रेघ दाखवली.

"बारीक सुरांचे आवाज आता तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. मेंदूला ती रिकामी जागा खपत नाही. मग तो स्वतःच काहीतरी वाजवत बसतो."

"जाईल ना हे?"

"पूर्ण जाईल असं खोटं नाही सांगणार. पण त्याची सवय होते. मग असूनही जाणवत नाही. ठार शांततेत बसू नका. हळू आवाजाचं काहीतरी चालू ठेवा, पंखा म्हणा, पाण्याची धार म्हणा. आणि आहे का, गेला का, असं सारखं कान देऊन बघू नका."

"बाई, कान देऊन बघणं हाच तर माझा धंदा," ते म्हणाले. हसायला गेले, पण जमलं नाही.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "मग सोडू का नळाची बारीक धार?"

"अगं! जन्मभर लोकांच्या गळत्या बंद केल्या, आणि आता घरात मुद्दाम लावू?"

दोघंही हसले, बऱ्याच दिवसांनी. मग तिने आपली मशीन ओढत ओढत त्यांच्या खाटेशेजारी आणली.

दुपारी मशीन चालू झाली की आतलं पाणी जरा मागे सरायचं. डोळे मिटले की त्यांना वाटे, साऱ्या गावाचे पाइप आपल्याच अंगातून गेलेत. कुणीतरी कुठेतरी तांब्या भरतंय, कुणी पाय धुतंय, आणि आपण त्या सगळ्यांच्या खालून सावकाश वाहत चाललो आहोत. कधीकधी असं वाहता वाहता झोप लागे. काही दिवस मात्र मशीनचाही उपयोग होत नसे. तेव्हा ते उठून बायकोला कपड्यांची काजं करू लागत.

मग एका गल्लीत नळांना पाणी चढेना. मॅडमनी बोलावलं. कानसाहेबांनी दांडा टेकवला, कान लावला. पाणी होतं. चार पावलं पुढे टेकवला, तिथेही होतं. हातात खडू होता. कुठेही गोल काढला असता तरी त्यांच्या शब्दावर गल्ली खणली गेली असती.

त्यांनी कान बाजूला घेतला.

"मॅडम, मला आता सगळीकडेच पाणी ऐकू येतं. माझा कान खोटी साक्ष देतोय. ते दोन खड्डे माझ्यामुळे झाले."

मॅडम जवळ आल्या. "मग काका, आता?"

"तुम्ही ऐका."

"मला काय कळणार त्यातलं?"

"उकळी यायच्या आधी भांडं कसं सूं करतं, तेवढं ऐका. बाकी सगळं सोडून द्या."

मॅडम रस्त्यावर गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी दांड्याला कान लावला. कानसाहेब तो एकेक पाऊल पुढे सरकवत राहिले. स्वतः ऐकायचं त्यांनी सोडून दिलं होतं. ते फक्त मॅडमचा चेहरा बघत होते. पाच ठिकाणी चेहरा तसाच राहिला, सहाव्या ठिकाणीही. सातव्या ठिकाणी मॅडमचा श्वास थांबला. डोळे उघडे होते, पण ते आता कशाकडेच बघत नव्हते.

कानसाहेबांना तेवढं पुरे होतं. ते वाकले आणि दांड्याच्या टोकाभोवती खडूने सावकाश, वाटोळा गोल काढला.